पार्वतम्मांची मूठ

४ फेब्रुवारी १९७४
आज पुन्हा बघितलं, पुन्हा तोंड उघडंच राहिलं! "आई मेलो" म्हणून थिएटर डोक्यावर घेणारा पैलवान. डॉ. उपळाईकरांनी शिरेत औषध सोडलं — आकडे मोजता मोजता सातावरच गार. बाकीच्या नर्सेस सर्जनकडे बघतात. मी भूल देणाऱ्याकडे बघते.

६ फेब्रुवारी
पार्वतम्मा, अक्कलकोटकडच्या लिंगायत. पोटात नारळाएवढी गाठ. ऑपरेशनला तयार, पण गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी काढायला नाहीत. सिस्टर म्हणाल्या, पोटावर लोंबते, काढावीच लागेल. "दीक्षा झाल्यापासनं लिंग अंगावेगळं केलं न्हाय. झालं तर अन्नाला शिवणार न्हाय मी." आणि गाठोडं बांधून निघाल्याच घरी! रात्रीपुरतं कसंबसं थांबवलं.

७ फेब्रुवारी
डॉक्टर स्वतः त्यांच्या खाटेशी बसले. "पूजेला लिंग डाव्या तळहातावर घेता ना, अव्वा? मग तिथंच राहू द्या, मुठीत." वर खरंही सांगितलं — "पण माझ्या औषधानं मूठ सुटणार. मेंदूचा हुकूम हाताला मिळायच्या आत ते त्याला दारातच अडवतं. कुणाची भीड धरत नाही." दुसरा कुणी थाप मारून मोकळा झाला असता! पार्वतम्मांनी माझ्याकडे बोट केलं. "ही तंगी धरंल की माजी मूठ." तंगी म्हणजे धाकटी बहीण. माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं त्यांनी.

८ फेब्रुवारी
उद्या. हात धुऊन धुऊन सालपटं निघाली.

९ फेब्रुवारी
गाठ निघाली! दीड तास मूठ धरून उभी होते. डोळे मिटले तरी बोटं घट्टच. मग दुसरं औषध गेलं, आणि एकेक बोट माझ्या हातात मऊ पडलं. श्वासही थांबला. डॉक्टर पिशवी दाबत त्यांच्या वाटचा श्वास देत राहिले, पंख्यानं वारा घालावा तितक्या सहज. काय माणूस आहे! असं इतक्या लांब न्यायचं आणि परत घरी आणून सोडायचं, रोज.

पण लिहिलंच पाहिजे. टाके झाले, भूल उतरत आली. डॉक्टर म्हणाले, "सिरिंज!" माझा हात आपोआप ट्रेकडे गेला. मेली सवय! डबी फरशीवर — टण्ण. उचलली, मुठीत कोंबली. डॉक्टरांनी बघितलं.

१० फेब्रुवारी
पार्वतम्मांनी काही विचारायच्या आधी मीच म्हणाले, "अव्वा, सुटलं नाही हं." त्या नुसत्या बघत राहिल्या. डॉक्टर खरं बोलून धीर देतात, आणि मी खोटं बोलून. पण खरं सांगितलं आणि त्यांनी अन्न सोडलं तर? जखम कशी भरेल? लाज वाटते.

१३ फेब्रुवारी
आज पहिल्यांदा पेज. पार्वतम्मांनी वाटी चाटूनपुसून संपवली. मग हळूच म्हणाल्या, "पडलं ते ऐकलं मी, तंगी. 'चुकले गं अव्वा' म्हणून रडलीस, ते बी ऐकलं. आता आणखी वाटीभर आण की."