अंतराळवीर आणि पंक्चरवाला

मंगळवार, ४ मार्च
संपादकांनी आज स्टेपलर फेकून मारला. कानाच्या वर लागला, दोन टाके पडले. चूक माझी नव्हती, पण नेम माझ्यावरच.

पहिल्या पानावर दोन फोटो होते. एकात सहा महिने अंतराळात राहून परतलेला अंतराळवीर — दोघांनी बगलेत हात घालून उचललेला, कारण तिथे राहून पाय लुळे पडतात म्हणे. दुसऱ्यात आमच्या नाक्यावरचा पंक्चरवाला. बस जाळल्याच्या आरोपावरून धरलाय. त्यालाही दोन पोलिसांनी तसंच धरलेलं, तोंडावर काळं फडकं. फोटोओळी मी लिहिल्या. पान लावणाऱ्याने शेवटच्या घटकेला फोटो वर-खाली केले, ओळी जागच्या जागी राहिल्या.

पंक्चरवाल्याखाली छापून आलं: 'सहा महिन्यांनी पृथ्वीवर! थोडा थकवा, प्रकृती ठणठणीत.' अंतराळवीराखाली: 'बस जाळणारा अखेर जेरबंद. पळताना पडून जखमी.'

मागे ओल्या सिमेंटवरच्या ठशाखाली 'चंद्रावरचं पाऊल' छापलं होतं, तेव्हा संपादक पोट धरून हसले होते. आज नाही हसले. आणि फोटोतला डावीकडचा पोलीस म्हणजे माझा दादा.

बुधवार, ५ मार्च
गावभर हसू. चहावाला म्हणतो, "या रॉकेटसाहेब, इंधन भरा." कुणी म्हणे, फडकं कसलं, हेल्मेटच ते. पण हसता हसता लोकांनी फोटो नीट पाहिला. पंक्चरवाल्याच्या एका पायाचा पंजा पार मागे वळलाय. पडून पाय असा होतो?

दुपारी त्याची बायको कचेरीत आली. "पळताना पडला हे कुणी लिहिलं?" मी म्हटलं, मी. सगळ्यांदेखत कानफटात वाजवली. नेमकी टाक्यांवर! "चालत गेला होता तो. चपला घालून, दाराला कडी लावून. दवाखान्यात न्या म्हणते, तर मला भेटूसुद्धा देत नाहीत."

खरं असणार. पडला हे दादाने फोनवर सांगितलं आणि मी लिहून मोकळा झालो. एक प्रश्न विचारला नाही. लाज वाटते.

गुरुवार, ६ मार्च
दगडफेक. आधी पोलीस ठाण्याच्या काचा फुटल्या, मग आमच्या. पान लावणाऱ्याचं डोकं फुटलं, त्याला मीच रिक्षात घातलं.

संध्याकाळी दादाने घरात पाय ठेवताच पट्टा काढला. मला, चाळिशीतल्या धाकट्या भावाला, जनावरासारखं बडवलं. वहिनी मध्ये पडली, एक तिच्या मनगटावर बसला. "दुरुस्ती छाप. पंक्चरवाला पळताना पडला, एवढंच. नाहीतर तू माझा कुणी नाहीस."

संपादकांचंही तेच म्हणणं. परवा न्यायाधीशांपुढे आमचा अंक जाणार. तसं छापलं तर पंक्चरवाला विनाउपचार आत सडणार. खरं छापलं तर दादा आत जाणार. वडील गेल्यावर मला त्यानेच वाढवलं, स्वतः शाळा सोडून. पाठ टेकवत नाही. मला त्याचा राग येतोय आणि भीतीही वाटतेय, त्याच्यासाठी.

शुक्रवार, ७ मार्च
दुरुस्ती लिहिली. संपादकांना एक दाखवली, छपाईला दुसरी दिली:

'मंगळवारच्या फोटोतला माणूस अंतराळवीर नाही, पंक्चरवाला आहे. तो पळाला नव्हता, चालत गेला होता. त्याला डावीकडून धरणारा पोलीस माझा सख्खा भाऊ. पंक्चरवाल्याला आजच दवाखान्यात न्यावं.'



शनिवार, ८ मार्च
नोकरी गेली. संपादकांनी कॉलर धरून जिन्यावरून ढकललं, गुडघा सोलला. जाऊ दे. न्यायाधीशांनी हुकूम दिलाय, आरोपीला उद्यापर्यंत डॉक्टरांपुढे उभं करा. त्याच्या बायकोने गादी उन्हात टाकलीय, चहावाला सांगत होता. दादा कालपासून घरी नाही. वहिनी माझ्याशी बोलत नाही.

रविवार, ९ मार्च
दादा आला. मी मार खायच्या तयारीने उभा राहिलो. तो पायरीवरच बसला. म्हणाला, "फोटोसाठी उभा केला तेव्हाच तो गेलेला होता. बगलेत हात घातला आणि कळलं मला. गार होता."