कोलंबोला दोनशे जोड

१ जानेवारी २०००. पहाटे पाच (ठरलेली वेळ). प्रत्यक्षात पावणेनऊ.
नवीन साल, नवीन डायरी. मागच्या डायऱ्या जानेवारीतच संपल्या. ही डिसेंबरपर्यंत जाणार.
पेपरात वाचलं, भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार लवकरच लागू. इकडचा माल तिकडं, तिकडचा इकडं, ड्यूटी कमी. अख्ख्या कोल्हापुरानं बातमी वाचली, चहा प्याला आणि पेपर खाली ठेवला. मी ठेवला नाही. हाच फरक असतो.
गेल्या वर्षी बुद्धगयेला गेलतो तेव्हा कोलंबोचे जयसेना साहेब भेटले होते. मोठ्या हॉटेलात त्यांचं भेटवस्तूंचं दुकान आहे. माझ्या पायांतली कोल्हापुरी बघून 'नाइस' म्हणाले, कार्ड दिलं. आम्ही बौद्ध, ते बौद्ध. म्हणजे व्यवहार घरातलाच.
संकल्प: चप्पल निर्यात. रोज एक सिंहली शब्द. ३१ मार्चला नोकरीचा राजीनामा. चहा बंद.
अंजनाला सांगितलं. म्हणाली, आधी दळण आणा, मग कोलंबोला जावा.

३ जानेवारी.
चहा चालू. थंडी फार आहे.

९ जानेवारी. कुरुंदवाड.
मेव्हणा गुंडूकडं आलो. अंजनाचा धाकटा भाऊ. चप्पल करावी तर गुंडूनंच, पण त्याला जगाची दृष्टी नाही. ती मी देणार. कराराची माहिती तासभर सांगितली. तो चामडं भिजवत म्हणाला, दाजी, तिकडं लोक चप्पल घालत्यात न्हवं? अज्ञान. नकाशा काढून दाखवला.
सॅम्पलचे बारा जोड सांगितले. आवाजाची खास ताकीद दिली. गुंडू तळव्याच्या दोन थरांत बी घालतो, त्यानं चप्पल कर्रकर्र वाजते. आपल्याकडं गिऱ्हाईक चप्पल आधी ऐकतं, मग बघतं. न वाजणारी कोल्हापुरी म्हणजे मुकी. माझी तर गल्लीच्या तोंडाला वाजली की अंजना दळणाचा डबा बाहेर काढून ठेवते.

१६ जानेवारी.
दाराला बोर्ड लावला. 'बाबासो कांबळे अँड सन्स, एक्सपोर्टर्स'. सोनमनं विचारलं, पप्पा, सन्स कुठं हायत? अकरावीला गेल्यापासून फार प्रश्न विचारते. धंद्यात 'सन्स' लागतंच, त्याशिवाय वजन येत नाही, असं सांगितलं. ती एकुलती एक. हसत आत गेली.

२ फेब्रुवारी.
एसटीडी बूथवरून कोलंबोला फोन. जयसेना साहेबांनी ओळखलं! (बुद्धगया, चप्पल, जाड माणूस, एवढं सांगितल्यावर.) म्हणाले, करार लागू झाला की सवलतीसाठी सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन लागेल. माल मूळचा कुठला, त्याचा दाखला.
त्यात काय? सोनमच्या ॲडमिशनला रहिवासी दाखला मीच काढला होता. दाखल्यातला माणूस आहे मी.

४ फेब्रुवारी.
किरकोळ रजा टाकून कुरुंदवाडला तलाठ्याकडं. स्टॅम्प, रेशनकार्डाची झेरॉक्स, बारा जोड, सगळं नेलं. तलाठी म्हणाला, अर्जदार कोण? म्हटलं, चप्पल. म्हणाला, वास्तव्य किती वर्षांचं? खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. चामडं आठवड्यापूर्वी आलंय म्हटलं. त्यानं चष्मा काढला. म्हणाला, पंधरा वर्षांनी या.
जळतात लोक. एका माणसाला पुढं जाताना बघवत नाही. सॅम्पल दाखल्याशिवायच पार्सल केलं.

१ मार्च.
करार आजपासून लागू! ऑफिसात पेढे वाटले. साहेबांनी विचारलं, मुलगी पास झाली का? म्हटलं, श्रीलंकेची ड्यूटी कमी झाली. साहेबांनी पेढा परत डब्यात ठेवला. डायबेटिस असेल.
सिंहली शब्दांची संख्या: एक. 'आयुबोवन'. म्हणजे नमस्कार. दुसरा शब्द उद्यापासून.

१२ मार्च. रविवार. ऐतिहासिक.
कोलंबोला फोन. जयसेना साहेब बराच वेळ आवाजाबद्दलच बोलले! व्हेरी पॉवरफुल साउंड म्हणाले. हॉटेलच्या लॉबीत कोणी घालून चाललं की सगळे गेस्ट वळून बघतात म्हणाले. मॅनेजर स्वतः खोलीतून बाहेर आला. मॅनेजर! साहेब म्हणाले, पुढच्या मालात त्या आवाजाचं काहीतरी करा, प्लीज. माणूस किती सभ्य. मी म्हटलं, डोंट वरी सर, फुल्ल करतो. पुढं काही बोलत होते, पण बिल वाढत होतं, ठेवला.
लगेच कुरुंदवाड. गुंडूला दोनशे जोड सांगितले. डबल बी. गुंडू म्हणाला, दाजी, दरसाली जोतिबाच्या यात्रेसाठी कोल्हापूरचा दुकानदार माझ्याकडनं माल घेतो. दोन्ही काय हातनं व्हायाचं न्हाय. मी म्हटलं, सोड यात्रा. समुद्रापलीकडं बघ. त्याची बायको तानाबाई म्हणाली, वर्षाचं निम्मं पोट त्या यात्रेवर हाय, दाजी, तुम्ही म्हणतासा म्हणून करतोय. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.
गुंडूनं दुकानदाराला नाही म्हणून कळवलं.

३१ मार्च.
राजीनामा आज द्यायचा होता. पेनातली शाई फिकी होती. महत्त्वाचा कागद फिक्या शाईत बरा दिसत नाही.

५ एप्रिल. पाडवा.
दोनशे जोड घरात आले. गुंडू आणि तानाबाईनं रात्रंदिवस बसून केले. त्याच्या अंगठ्याला चिंधी आहे. सोनमच्या कॉटखाली, कपाटावर, पिठाच्या डब्यापाठीमागं, सगळीकडं चपला. घरात कोणी पाय टाकला की तो चपलेवरच पडतो आणि दणका उठतो. शेजारचे आकाराम पाटील भिंतीपलीकडनं विचारतात, पावणं आलेत का?
अंजना म्हणाली, ऑर्डर पक्की हाय न्हवं? म्हटलं, शब्द झालाय. म्हणाली, कुणाचा? त्यांचा का तुमचा? बायकांना इंटरनॅशनल ट्रेड समजत नाही.

९ एप्रिल.
जयसेना साहेबांचा फोन लागत नाही. बहुतेक माझ्याच मालाच्या गडबडीत असतील.

११ एप्रिल. संध्याकाळ.
सोनम म्हणाली, पप्पा, मी बोलते. तिचं इंग्रजी माझ्याइतकं नसलं तरी फोन लागला होता म्हणून दिला.
बूथच्या काचेतून बघत होतो. ती नुसतं येस सर, सॉरी सर म्हणत होती. बाहेर आली आणि माझ्याकडं न बघता सांगितलं. गेस्ट वळून बघत होते ते वैतागून. मॅनेजर बाहेर आला तो ओरडायला. आवाजाचं काहीतरी करा म्हणजे आवाज काढून टाका. त्यांना आता माल नको. तुमच्या पप्पांचं मन दुखवायचं नव्हतं म्हणाले. एक भेट पाठवलीय म्हणाले.
न वाजणारी कोल्हापुरी मागतो माणूस! बिनमिठाचा रस्सा मागावा तसं. श्रीलंकेबद्दलचं माझं मत बदललं आहे.
पण घरी येऊन ते दोनशे जोड बघितले. गुंडूचा अंगठा डोळ्यापुढनं हलेना. माझ्या शब्दावर त्यानं यात्रा सोडली. यात्रा आठवड्यावर.
जेवलो नाही. (आमटी घेतली.)

१२ एप्रिल.
गुंडूला सांगायला कुरुंदवाडला जायचं ठरवलं. स्टँडपर्यंत गेलो. बस चुकली. दुसरीही चुकली. घरी आलो तर गुंडू घरात बसलेला. अंजनानं बोलावून घेतला होता. सगळं सांगून झालं होतं.
वाटलं, आता शिव्या घालणार. गुंडू एवढंच म्हणाला, दाजी, एकदा इचारायचं हुतं की. त्याहून शिव्या परवडल्या असत्या. डोळ्यांत पाणी आलं. चामड्याच्या वासानं.
अंजना म्हणाली, रडू नका. यात्रेचं लोक कोल्हापुरातनंच जात्यात. रस्त्याकडंला बसूया. तुम्ही रजा टाका. राजीनामा न्हाय, रजा.

१७ एप्रिल.
स्टँडजवळ पोतं अंथरून दुकान. अंजना भाव करते, गुंडू माप बघतो, तानाबाई पिशवीत भरते. माझ्याकडं डेमॉन्स्ट्रेशन विभाग. डबल बीचा जोड घालून पोत्यापासून पानपट्टीपर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. दिवसभर.
आवाज असा, की रिक्षावाले मागं बघतात. साताऱ्याकडचे चार गडी थांबले. म्हणाले, पावणं, जरा परत चाला की. चाललो. चारही जोड गेले. ऑफिसचे साहेब समोरून स्कूटरवरून गेले. आयुबोवन म्हटलं. ते थांबले नाहीत.

१८ एप्रिल. रात्री.
दोनशेच्या दोनशे गेले! शेवटचा माझ्या पायांतला होता, तोही एका पैलवानानं काढून नेला. तानाबाई हसली. पाडव्यानंतर पहिल्यांदाच. दुकानदारापेक्षा दोन पैसे जास्तच सुटले म्हणे. मुळात डबल बीची कल्पना माझी, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मीही बोललो नाही. फक्त तीनदा.
अनवाणी घरी आलो. पायाला फोड.

२३ एप्रिल. रविवार.
कोलंबोहून पार्सल. जयसेना साहेबांची भेट. एक जोड रबरी सपाता, जाड, मऊ. सोबत चिठ्ठी, 'शांततेसाठी'. म्हणजे करारात माझी निर्यात बारा सॅम्पल, आयात एक जोड.
नाइलाजानं घातल्या. फोडांना एवढं बरं वाटलं, की शत्रुराष्ट्राचा माल आहे हे विसरलो. स्वयंपाकघरात गेलो तर अंजना दचकली. म्हणाली, कवा आलासा? कळलंच न्हाय.
दुपारी गुंडू तानाबाईला घेऊन आला. सपात हातात घेतली, वाकवली, वास घेतला. म्हणाला, पावसाळ्यात मला चामड्याचं काम नसतं, दाजी. ह्या शंभर मागवूया की. खपतील.
मी ताडकन उठलो. म्हटलं, आत्ता फोन करतो! तिघंही एकदम म्हणाली, फोन सोनम करंल.
सोनमनं बोर्डावरच्या 'सन्स'वर चिकटपट्टी मारली आणि त्यावर 'डॉटर' लिहिलं. अक्षर चांगलं आहे.
मी विचारलं, मग माझ्याकडं काय? अंजना म्हणाली, तुम्ही घालून चाला. म्हटलं, अगं, हिला आवाजच नाही. मी चाललो तरी कुणाला कळणार?
म्हणाली, त्येच बरं हाय. आणि डबा पुढं केला.
दळण घेऊन आलो.