गुंडोपंतांचं दीड मिनिट

रविवार, ९ एप्रिल १९६१

आत्यांनी आज काहीतरी मागितलं. चौतीस वर्षांत मी हे पहिल्यांदा ऐकलं, म्हणून लिहून ठेवते.

माळा साफ करत होते. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पत्र्याचा डबा निघाला — हाताने फिरवायचं सिनेमाचं यंत्र आणि नऊ छोटी रिळं. अप्पांना जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता. मी शिडीवरूनच विचारलं, हे भंगारात द्यायचं ना? आत्या खाली तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यात एक त्यांचं आहे गे वसू. चालेल का अजून?"

त्यांचं म्हणजे गुंडोपंतांचं. आत्यांचे यजमान. १९२८ च्या दिवाळसणाला ते आमच्याकडे आले होते. अप्पांनी नवा कोरा कॅमेरा घेतला होता, त्यावर परसात त्यांचं दीड मिनिटाचं चित्र घेतलं. पुढच्या वर्षी विषमज्वराने गेले. आत्या तेव्हा पंधरा वर्षांच्या. सासरी नांदायला जायच्या आधीच सगळं संपलं. लग्नातला एकमेव फोटो धारवाडला सासरी राहिला. ज्यांनी सून ठेवून घेतली नाही ते फोटो कशाला देतायत!

म्हणजे त्या माणसाचं जगात जे काही उरलंय ते त्या एका रिळात.

मंगळवार, ११ एप्रिल

यंत्र चालत नाही. दिवा गेलाय, पट्टा तुटलाय. शिवाय ही फिल्म जुन्या मापाची, भोकं मधोमध असलेली. तसली आता कुठे मिळत नाही आणि दुसऱ्या यंत्रात चालतही नाही.

अण्णाला कळवलं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ रघुपती. घरात कुठेही स्क्रू दिसला की ती त्याची जहागीर! कारखान्याने जर्मनीला ट्रेनिंगला पाठवलं होतं, तिथून आठ मिलिमीटरचा कॅमेरा आणि प्रोजेक्टर घेऊन आलाय. म्हणाला, "त्यात काय, माझ्या फिल्मवर उतरवून घेऊ." रोल मात्र एकच उरलाय. बाहेरचा माल येणं बंद.

शनिवार, १५ एप्रिल

शिवाजीनगरला फत्तेसिंगांच्या दुकानी यंत्र टाकलं. थिएटरांची यंत्रं दुरुस्त करणारा, कानडी मिसळून मराठी बोलणारा माणूस. आमच्या खेळण्याकडे बघून हसेल असं वाटलं होतं, पण चष्मा पुसून दहा मिनिटं नुसतं बघत बसला. मोटारीच्या दिव्याचा बल्ब बसवतो म्हणाला.

रीळ उजेडात धरून मात्र मान हलवली. "अक्का, फिल्म आखडलीय. स्वल्प वाकवली तर पापड होईल. एकदाच चालेल बघा. दुसऱ्यांदा चालवाल तर भोकं फाटतील, मग मला बोलायचं नाही."

"एकदा तरी नक्की चालेल ना?"

"देवाला विचारा. मी पट्ट्याचं सांगतो."

सोमवार, १७ एप्रिल

शिवाजीनगरहून काही निरोप आला का, असं आत्यांनी आज दोनदा विचारलं. एरवी वर्षाला दोन प्रश्न विचारत नाहीत.

रविवार, २३ एप्रिल

यंत्र घरी आलं. एका साध्या रिळावर चालवून पाहिलं — लालबागेत टोपडं घातलेला अण्णा, जमिनीवर लोळण घेऊन रडतोय. वहिनी हजर नव्हती म्हणून बचावला.

आता भांडण असं : यंत्र भिंतीवर चित्र पाडणार आणि कॅमेरा ते टिपणार. दोघं एकाच जागी कसे बसतील? कॅमेरा बाजूला ठेवला की चित्र तिरकं येतं. अण्णाने दोन तास पुस्तकं रचली, पाट रचले, कपाळावर आठ्या रचल्या. शेवटी मीच सुचवलं — तुझ्या ऑफिसातला ट्रेसिंग पेपर चौकटीवर ताणायचा. अलीकडून यंत्र, पलीकडून समोरासमोर कॅमेरा. कागदातून चित्र आरपार दिसतंच.

अण्णाने रचलेले पाट उचलून ठेवले. मग म्हणाला, "गणिताच्या बाईंना सुचलं खरं." दिवसभर मी घरात जरा मिरवत होते, हेही लिहायला हवं.

रविवार, ३० एप्रिल

झालं.

खिडक्यांना घोंगड्या लावल्या. आत्यांना म्हटलं, आत या, निदान एकदा तरी डोळ्यांनी बघा. नको म्हणाल्या. "मी आत आले तर तुझा हात हलेल." दाराबाहेर पाटावर बसून राहिल्या.

मी हँडल फिरवत होते. सेकंदाला दोन फेरे, तोंडाने मोजत. अण्णा पलीकडे कॅमेऱ्याला डोळा लावून. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर आमचं परस उजळलं. पाटावर बसून फराळ करणारा एक लुकडा मुलगा — हो, मुलगाच, वीसचाही नसेल. चकली मोडली, वासराकडे टाकली, हसला. मग उठून सरळ माझ्याकडे चालत आला.

सव्वा मिनिटाला खाडकन आवाज झाला. मी फिरवतच राहिले, थांबले असते तर दिव्याने फिल्म जळाली असती. बाहेर काढली तेव्हा हातात तुकडेच आले, सोळा. भोकांच्या चिंध्या. पण शेवटपर्यंत सगळं कॅमेऱ्यात गेलं, अण्णा शपथेवर सांगतो.

बाहेर आले. आत्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मीच म्हटलं, मिळालं. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळाखाली तेच पातेलं धूत होत्या.

मंगळवार, २ मे

रोल रजिस्टर पोस्टाने मुंबईला धुवायला पाठवला. तीन आठवडे लागतील म्हणे.

बुधवार, २४ मे

आला. आणि मी मूर्ख आहे.

आत्या संध्याकाळी प्रवचनाला गेल्या होत्या. आधी आपण पाहून घेऊ म्हणून अण्णाच्या प्रोजेक्टरवर लावला. चित्र छान, थोडं लुकलुकतं. परस, पाट, गुंडोपंत. अण्णा एकदम म्हणाला, "हे डाव्या हाताने का खातायत?"

डाव्या हाताने चकली. डाव्या हाताने पाणी. भिकबाळी डाव्या कानात! कुठल्या ब्राह्मणाच्या घरी जावई सणाच्या दिवशी डाव्या हाताने जेवलाय? सगळं उलटं. कागदाच्या मागच्या बाजूने चित्र घेतलं तर डाव्याचं उजवं होणारच. मी अलीकडे उभी होते, मला सगळं बरोबर दिसत होतं. अण्णा पलीकडे, पण त्याचं लक्ष फोकसमध्ये.

आठवीच्या मुलींना आरशातली प्रतिमा शिकवते मी. फळ्यावर बाण काढून! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो हा. मूळ फिल्मचे सोळा तुकडे झालेत, रोल दुसरा नाही, आणि जे उतरलं ते उलटं. आत्यांनी जन्मात एक गोष्ट मागितली आणि मी ती अशी करून ठेवली. फार वाईट वाटतंय. अण्णाने एका शब्दाने टोकलं नाही, त्याचं जास्तच.

गुरुवार, २५ मे

अण्णाने फिल्म पालथी घालून पाहिली. भोकं एकाच कडेला असतात, ती भलत्या बाजूला गेली. चालत नाही.

दुपारी शिवाजीनगर. फत्तेसिंगांना सगळं सांगितलं, अगदी भिकबाळीसकट. त्यांनी चहा मागवला. "अक्का, एवढंच? चादर मध्ये टांगा. मशीन इकडे ठेवा, तुम्ही तिकडे बसा. मागून उलटं झालं ना? मागून बघितलं की सुलटं. सरी? बरोबर ना?"

जर्मनी रिटर्न इंजिनियर आणि बी. एस्सी. बाई. दोघांनी घरी येईपर्यंत एकमेकांकडे पाहिलं नाही.

रविवार, २८ मे

सात वाजता हॉलच्या मधोमध दोरीवर चादर टांगली. आत्यांना खुर्चीवर बसवलं, मी शेजारी. अण्णा चादरीपलीकडे यंत्रावर. उजव्या हाताने चकली, उजव्या कानात भिकबाळी, सगळं जिथल्या तिथे. जीव भांड्यात पडला.

दीड मिनिट संपलं. आत्या म्हणाल्या, "चांगलं केलंत हो." अण्णाच्या पाठीवरून हात फिरवला. उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "पण हे ते नव्हेत."

मंगळवार, ३० मे

दोन दिवस राहवेना. अण्णा म्हणतो, बत्तीस वर्षं झाली, विसरल्या असतील. मला ते पटलं नाही. आज वाती वळता वळता विचारलंच. ते नव्हेत म्हणजे काय?

"ते डावखुरे होते गे."

 आत्या आपल्याच नादात सांगत होत्या. "डाव्या हातानं खायचे. कुणी रागावलं नाही बघ त्यांना. मला फार आवडायचं ते."

तुम्ही जेवायला वाढलंत कधी? — नाही. लग्नात पाहिलंत? — "चौदा वर्षांची होते. मान वर करायची टाप होती का?" दिवाळसणाला? — ते परसात, त्या आत. पायांतल्या वहाणा पाहिल्या होत्या, तेवढंच.

मग डावखुरे होते हे कुठे पाहिलंत?

"सिनेमात."

अप्पा दर दिवाळीला रिळं दाखवायचे. पाहुणे, शेजारी, मी अप्पांच्या मांडीवर — सगळे हॉलमध्ये. आजीच्या राज्यात केस उतरवलेल्या आत्यांना हॉलमध्ये येता येत नसे. माजघराच्या दारात अप्पा एक विरलेलं धोतर पडदा म्हणून टांगत. आत्या माजघरात, अंधारात, धोतराच्या मागे. वीस दिवाळ्या.

नवऱ्याला त्यांनी तेवढंच पाहिलंय. मागून.

मी त्यांना समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. काय सांगू? कुणाला दुरुस्त करू?

गुरुवार, १ जून

चादर काढली. हॉलच्या भिंतीवरच लावलं — उलटं. आत्या पुढे बसल्या. डाव्या हाताने चकली मोडली तशा म्हणाल्या, "हं. आता आले." तीनदा पाहिलं.

भिंतीवर किती स्वच्छ दिसतं! मग ध्यानात आलं, ही भिंत तेव्हाही होती, पांढरीच होती. तरी अप्पा दर वर्षी दारात ते धोतर टांगायचे. चित्र पुसट येतं म्हणून पाहुणे चेष्टा करत. अप्पांनी कधी ऐकलं नाही, कारणही सांगितलं नाही.

आत्यांना म्हटलं, अप्पा ते तुमच्यासाठी टांगायचे.

आत्या म्हणाल्या, "तुला आत्ता कळलं होय?"