साय जड पडते

३ नोव्हें., सोम.
मनूचं वजन पुन्हा जैसे थे. पाच महिन्यांची पोर, काटा हलायला तयार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन आठवडे बघू, नाहीतर डब्याचं दूध सुरू करा. पहाटे अर्धवट झोपेत अंगावरचं दूध काढते, झाकणाच्या वाटीत फ्रिजला ठेवते, मग नेपानगरची बस, शाळा; दिवसा सासूबाई पाजतात. एवढं करून शेवटी डबाच आणायचा तर... जाऊ दे.

६ नोव्हें., गुरु.
शेजारच्या काकूंनी मनूला मांडीवर घेतलं. "काय मऊ गाल गं, लोणीच!" सासूबाई खूश. "मालिश मीच करते ना तिची."
हे म्हणाले, नोकरी सोड म्हणत नाही, पण विचार कर. म्हणजे तेच. विचार करायलाही अंगात त्राण नाही.

९ नोव्हें., रवि.
सुट्टी, म्हणून दिसलं. सासूबाईंनी माझं दूध फ्रिजमधून काढलं. वर पिवळसर थर आलेला, तो चमच्याने अलगद काढून बाजूला ठेवला. खालचं पाणचट उरलेलं गॅसवर, चांगल्या तीन उकळ्या.
"आई, हे काय?"
"काय म्हणजे? साय जड पडते बच्चीला. अन कच्चं दूध कोणी पाजतं का? तूच तर बोलली, तापवून देत जा."
बोलले होते. या घरात तापवणं म्हणजे उकळणं. माहेरीही तेच.
"आणि साय?"
"फेकते का मी? तिच्याच गालाला चोळते."
पोरीचं पोट रिकामं आणि गाल तुपात! हसावं की रडावं कळेना. रडलेच.

१० नोव्हें., सोम.
डॉक्टरीणबाईंना फोन. म्हणाल्या, अंग भरतं ते त्या सायीनेच. उकळलं की आजाराशी लढणारंही बरंचसं जातं. वाटी कोमट पाण्यात धरा, हलकेच फिरवा, साय परत मिसळते.
घरी सांगितलं.  सासूबाई भांडी घासता घासता, "म्हणजे मीच उपाशी ठेवली तिला. आता मी त्या दुधाला हात नाही लावणार."
त्यांनी हात लावला नाही तर माझी शाळा संपली. राग आहे, पण काढू कुणावर? उद्यापासून रजा.

१३ नोव्हें., गुरु.
रजा पुरवून पुरवून किती पुरवणार. आज गेले. वाटी फ्रिजमध्ये ठेवली, बोलले काहीच नाही. दुसऱ्या तासाला सासूबाईंचा फोन.
"सुनबाई, कोमट पाण्यात धरली वाटी. साय मिसळली. पण उकळलं नाहीये, बरं का. देऊ?"
 माझ्या हातात खडू, समोर सातवीचा वर्ग.
"द्या, आई."
"तू बोलते म्हणून देते."
नंतर फळ्यावर काय लिहिलं, आठवत नाही.
संध्याकाळी आले तर मनू झोपलेली. गालावर हात फिरवला. थंडीने कोरडे, जरा खरखरीत लागले. किती बरं वाटलं. हात काढवेना.
वजन सोमवारी.