पाळण्याशेजारची बाई

टॅम्पिनीस, मार्च २०१४

मधुमतीताईंना नमस्कार.

बारशाच्या फोटोत पाळण्याशेजारी उभी असलेली बाई कोण, असं तुम्ही विचारलंत. मी शेजारीण म्हणून सांगितलं. ती आमची दत्तकाची वकील. कोर्टाचा आदेश व्हायच्या आधीच आम्ही बारसं केलं आणि कौतुकाने तिलाही बोलावलं.

तुम्ही आत्या म्हणून स्काइपवरून ‘स्वानंदी’ नाव ठेवलंत, तेव्हा ती घुगऱ्या खाता खाता मला म्हणाली, “हिची आई दोनदा फोन करून बाळ परत मागत होती. सही झाली, आता काही होत नाही, असं सांगून टाकलं. तिचीही वकील मीच आहे, तुम्ही निश्चिंत राहा.”

म्हणजे त्या आईच्या बाजूने बोलायला कुणीच नव्हतं. मी वकिलीणबाईंना आणखी घुगऱ्या वाढल्या.

गुरुवारी सुनावणी आहे. आईने राजीखुशीने मूल दिलं ना, असं विचारतील. मनोहर म्हणतो, हो म्हण आणि मोकळी हो.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तुम्ही लगेच फोन कराल.

हाक मारली की स्वानंदी आता माझ्याकडे बघून हसते. तिची आई तिला काय म्हणायची, हे फक्त वकिलीणबाईंना माहीत असेल. मी विचारलेलं नाही.

तुमची भावजय,
नीता