सगुणा अजून वाटेवर हाय

बुधवार, संध्याकाळ

सगळ्यांत आधी आली ती शेजारची रुक्साना भाभी, कॅमेऱ्यासमोर बसायचं म्हणून नवी ओढणी घेऊन. मग गाडीतून ती सिनेमातली बाई उतरली. वाचन मंडळ तिचंच, आमच्या शेलार गावात घरोघरी ते जुनं नावाजलेलं पुस्तक वाटलं तेही तिनंच. माझी शाळा चौथीपर्यंत. तरी रोज थोडं थोडं वाचते, ओळीवर बोट ठेवून, मोठ्यानं, कारण भाभी ऐकायला बसते. काय मजा येते. त्यातली सगुणा छळाला कंटाळून सासर सोडून निघाली, त्या दिवशी आम्ही दोघींनी शिरा करून खाल्ला.

आणि ही बाई कॅमेऱ्यासमोर माझा हात धरून विचारते, "आजी, शेवटी सगुणा विहिरीत जीव देते, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

मी म्हटलं, "अहो, आमची सगुणा अजून माहेरच्या वाटेवर हाय."

ती हसली. "एवढं गाजलेलं पुस्तक, आजी. शेवट सगळ्यांनाच माहीत असतो."

सगळ्यांना म्हणजे कोणाला? मला न्हाय, भाभीला न्हाय. भाभी तर उठूनच गेली. "इतने दिन से सुन रही हूँ मैं," म्हणाली, "और इसने चाय पीते पीते मार डाला." चहा पण माझाच. आणि आम्ही शिरा खाल्ला होता.

राहिलेलं वाचून ठेवा, रविवारी परत येते, असं सांगून बाई गेली. येऊ दे. तोवर मी पान उलटणार न्हाय. रविवारपर्यंत तरी सगुणा चालत राहील.