नव्या गाडीचा नारळ

बाबा, आज आपल्या यार्डात बॅटरीवर चालणारा ट्रक आला! धूर नाही, घरघर नाही. ड्रायव्हर मंडळी नव्या नवरीला पाहावं तशी त्याच्याभोवती घुटमळत होती. सकाळपासून माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता. तुम्ही एका जुन्या ट्रकवर सुरू केलेलं ट्रान्सपोर्ट तुमच्या पोरीने इथवर आणलं, मिरवू नको तर काय करू? पण खरी धडधड होती ती नारळाची. तुमचा नियम आम्ही अजून पाळतो: ज्याच्या हातून कधी माल बिघडला नाही, त्यानेच नव्या गाडीपुढे नारळ फोडायचा. म्हणून पहिल्या ट्रकपासून तुमच्यासोबत असलेले ड्रायव्हरकाका इतकी वर्षं दर वेळी कापराचं ताट धरून मागे उभे राहिले. मौद्याच्या लग्नातल्या त्या गाद्यांमुळे.

तो दिवस मला लख्ख दिसतो. महिनोन्‌महिने तुमच्याशी भांडून मी ऑफिसातली खुर्ची मिळवली आहे. काका भिवापूरची मिरची उतरवून नुकतेच परतलेत. "थांब पोरी, ट्रकचा हौदा धुतो, मिरचीची भुकटी हाये त्यात," ते म्हणतात. मी मोठ्या रुबाबात सांगते, "वेळ नाही काका, गाद्या भरा आणि निघा." मौद्यात वऱ्हाड गाद्यांवर टेकलं आणि शिंकांची माळच लागली, मंगलाष्टकं सुरू आणि नवरदेव शिंकतोय! संध्याकाळी तुम्ही सगळ्यांसमोर काकांना विचारलंत, "काहून गा, हौदा धुता नाही आला तुले?" काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली. "चुकलं, भाऊ." मी बुकिंगच्या वहीची पानं उलटत राहिले. बोलले असते तर तुम्ही मला घरी बसवलं असतं, एवढंच डोक्यात होतं.

काका या महिन्यात काम सोडताहेत. आजही ताट घेऊन ते मागेच उभे होते. मी त्यांना हात धरून पुढे आणलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं: हौदा न धुता गाडी मी काढायला लावली होती, चूक माझी होती. डोळे वाहत होते. मग काकाच म्हणाले, "आता काहून रडून राहिली वं पोरी? दे इकडे नारळ, मुहूर्त टळून राहिला!" एका फटक्यात नारळ फुटला, पाणी माझ्या साडीवर उडालं आणि पोरांनी असा गलका केला की शेजारच्या गोदामातले हमाल धावत आले. काका स्वतःच गाडीत चढले. "चालू हाये का बंद, समजूनच नाही राहिलं!" म्हणत त्यांनी यार्डाला दोन चकरा मारल्या. बाबा, त्यांचं तोंड पाहायला हवं होतंत तुम्ही!

हे पत्र तुमच्या हार घातलेल्या फोटोखाली, टेबलाच्या खणातच राहील, कुणी वाचणार नाही, म्हणून एक कबूल करते. तुम्ही आज यार्डात असता ना, तर मी आजही तोंड उघडलं नसतं.